गणपतीपुढे कान धरणारी अंजना

गव्हाला एरंडेल लावायचं काम आज अर्ध्यावर राहिलं. एक पोतं चोळून कोठीत भरलं, दुसरं अंगणात चादरीवर तसंच पसरलेलं आहे. हात साबणानं दोनदा धुतले तरी तेल गेलं नाही, म्हणून या पानाच्या कडेला डाग पडला आहे. तरी हे आजच लिहायला हवं. उद्यावर टाकलं तर मी ते माझ्या सोयीनं लिहीन, हे मला माझंच ठाऊक आहे.

लिहायचं आहे ते अंजनाविषयी.

अंजना आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी राहायला आली. सुलाबाईंच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नवरा ज्योतिबा इथं पलूसच्या औद्योगिक वसाहतीत एका भट्टीवर कामाला. माणसं मूळची आटपाडीकडची, आपल्यातलीच. पण अंजनाचा जन्म तिकडं तमिळनाडूत, ईरोडला. तिचे वडील गलाईवाले. त्या दुष्काळी भागातल्या कितीतरी घरांनी हा धंदा धरून परमुलूख गाठला: सराफांकडचं जुनं सोनं, चांदी घ्यायची, भट्टीत वितळवायची, शुद्ध करून परत द्यायची. अंजना त्या भट्टीच्या वरच्या माळ्यावर वाढली. लग्न झालं तेही तिथल्याच एका गलाईवाल्याशी. पुढं धंदा बसला, दुकान बंद झालं, आणि चाळिशी उलटल्यावर दोघं इकडं आली. आमच्या घरचे म्हणतात, "सोनं पातळ करनारा गडी आता लोखंड पातळ करतोय."

भाषा तिची आपलीच. उलट आपल्यापेक्षा जुनी. तिच्या तोंडी आमच्या आजीचे शब्द येतात, कारण तिला मराठी शिकवलं ते तिच्या आईनं, आणि आईनं गाव सोडलं ते पन्नास वर्षांपूर्वी. पण तिचे हात मात्र तिकडचे. तोंड एक बोलायचं आणि हात दुसरं, असं आम्हाला वाटायचं.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दूधवाला बिरदेव दारात आला. अंजनाच्या तोंडात खिळा होता, ती भिंतीवर कॅलेंडर लावत होती. तिनं पंजा उघडा करून मनगटातून गर्रकन फिरवला.

"म्हशीचंच हाय ताई, गाईचं न्हाई," बिरदेव म्हणाला.

तिनं परत हात फिरवला.

"आजचंच हाय की. सकाळी काढल्यालं."

तिसऱ्यांदा हात फिरल्यावर बिचाऱ्यानं घाबरून ओट्यावरच्या पातेल्यात लिटरभर दूध ओतलं आणि काढता पाय घेतला. अंजना खिळा काढून ओरडली, "अय्यो! वयनी, मी नको नको म्हनतीया नि ह्यो वततोय बगा!"

तिकडं असा हात फिरवला की त्याचा अर्थ 'नाही', 'नको', 'शिल्लक नाही'. आपल्याकडं 'काय?', 'हे कुठलं?'. गल्ली आठवडाभर हसली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. एवढं हसल्यावर तरी मला पुढचं सुचायला हवं होतं.

गल्लीच्या टोकाला लक्ष्मीआईचं देऊळ आहे. लहानसंच. आत शिरताना उजव्या हाताला भिंतीत कोनाडा, त्यात शेंदूर लावलेला गणपती. आईला साडी नेसवायची आणि दागिन्यांची पेटी सांभाळायची, हे काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. गेल्या वर्षी माझे गुडघे वाकेनात, तेव्हा बायकांनी बसून ठरवलं आणि किल्ली अंजनाला दिली. मीच माझ्या हातानं दिली. पहिल्या शुक्रवारी तिनं आईला नेसवलेली साडी बघून सुलाबाई म्हणाल्या, "अशा निऱ्या अकरा वर्सांत पडल्या न्हवत्या बग आईच्या." ते वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

चैत्रातल्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आईची नथ गेली. मोत्याची, मध्ये लाल खडा. माझ्या सासूबाईंच्या काळात गल्लीतल्या बायकांनी मिळून केलेली. यात्रेपुरती मुखवट्याच्या नाकात घालायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची. त्या सकाळी देवळात मी आणि अंजना दोघीच होतो. मी घाईत होते. आमची लेक संयोगिता साताऱ्याकडच्या खंडाळ्याला दिलेली, तिला दिवस गेलेत. आईच्या अंगावरची यात्रेची साडी तिच्या ओटभरणीसाठी प्रसाद म्हणून आम्हाला मिळाली होती, आणि शेजारचा दिग्विजय गाडी घेऊन पुण्याला निघाला होता, त्याच्याबरोबर ती पाठवायची होती. मी साडी घेऊन घरी आले. दुपारी अंजना पेटी घेऊन सुलाबाईंच्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "नथ न्हाई."

गाभारा झाडला, फरशा पुसल्या, समयांच्या खाली पाहिलं, निर्माल्याची बादली उपडी केली. नथ नाही.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सुलाबाईंनी मला भाजी निवडायच्या निमित्तानं बोलावलं. पंच्याहत्तरीच्या बाई, सगळी गल्ली त्यांना विचारून चालते. मेथीची एक काडी हातात धरून त्या म्हणाल्या, "भट्टीवरचा मानूस हाय त्यो. वितळली की आईची नथ काय नि कुनाची बांगडी काय, एकच."

"असं कसं म्हणायचं, सुलाबाई?"

"मी कुटं म्हनती? तूच इचार कर."

मी विचार करत घरी आले. तो विचार मग गेलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला फुलं घेऊन देवळात गेले. अंजना आधीच आत होती, दाराकडे पाठ करून कोनाड्यातल्या गणपतीपुढे उभी. मी हाक मारणार, एवढ्यात तिनं दोन्ही हातांच्या मुठी केल्या आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना टक्टक् मारून घेतल्या. मग दोन्ही गालांवर हलक्या चापट्या. मग हातांची कैची केली: उजव्या हातानं डावा कान, डाव्या हातानं उजवा कान धरला, आणि तीन वेळा खाली बसून उठली.

कपाळ बडवून घेणारी बाई मी मयताच्या घरी पाहिली आहे. गालात मारून घेणारं माणूस चुकलेलं असतं. आणि कान धरून उठाबशा तर आमचे मास्तर गृहपाठ केला नाही की काढायला लावायचे. तिन्ही एका जागी, एका बाईनं, देवापुढे, नथ गेल्यावर तिसऱ्या दिवशी. मी फुलं तशीच ओट्यावर ठेवली, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता माघारी वळले. घरी न जाता सुलाबाईंकडे गेले.

"उठाबशा?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"कान धरून?"

"दोन्ही कान. तेही हात उलटे घालून."

सुलाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "मग आता तोंडानं कबूल करायचं ऱ्हायलं कशाला? देवाफुडं झालीच की कबूल."

दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. मी आणखी कुणाला सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. पण ज्या तिघी-चौघी विचारायला आल्या, त्यांना तिनं उठाबशा कशा काढल्या ते मी हातानं करून दाखवलं.

मंगळवारी आरतीनंतर सुलाबाईंनी अंजनाकडे किल्ली मागितली. अंजनानं कनवटीची किल्ली काढून दिली. सुलाबाई म्हणाल्या, "तुला काय म्हनायचं हाय?" अंजनानं तोंड उघडलं नाही. पंजा उघडला आणि मनगटातून एकदा फिरवला. आम्ही सगळ्या बघत होतो. बिरदेवाचं दूध तेव्हा एकीलाही आठवलं नाही. 'काय करणार तुम्ही माझं?' असंच आम्हाला ते दिसलं.

"वर तोऱ्यात हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"वैशाख सरायच्या आत माज्या खोल्या मोकळ्या कर," सुलाबाई म्हणाल्या. "नथ आनून देशील तर ऱ्हा."

आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी घेतली. गुडघे दुखतात असं त्या दिवशी म्हणाले नाही.

आमच्या घरच्यांना, म्हणजे लालासाहेबांना, हे पटलं नव्हतं. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, हवालदार म्हणून निवृत्त झाले. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "तू बगितलंस त्ये बरोबर. पन त्येचा अर्थ तुला कुनी सांगितला?"

"कान धरण्याचा अर्थ काय सांगायला लागतो का कुणी?"

"सुट्टीवर पैल्यांदा घरी आलो तवा रस्त्याला उसाचा टॅक्टर आडवा आला. मी मूठ वर केली. फौजेत मूठ वर म्हंजे जागच्या जागी थांब. डायवरला वाटलं मी जयजयकार करतोय. त्यानंबी मूठ वर केली, हसला, नि ट्राली माज्या सायकलवर घातली. सायकल गेली. मूठ माजीच हुती न्हवं?"

"तुम्ही चोराची बाजू घेताय."

"मी सायकलीची घेतोय," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतरच्या महिन्याभरातली पानं आज चाळून पाहिली. रोज गीतेचा अध्याय, उपासाचं, पाण्याच्या पाळीचं जे काय असेल ते लिहिलेलं आहेच, पण रोज एक तरी ओळ अंजनावर आहे. 'आज अंजना देवळाबाहेरचा केर सुपात घेऊन चाळत होती. किल्ली गेली तरी झाडायला येते. काय शोधते?' 'आज ज्योतिबा मागच्या दारानं डबा घेऊन गेला. डबा जड वाटला.' 'आज अंजना हसली. हसण्यासारखं काय झालं?' 'अंजना पुन्हा गणपतीपुढे. उठाबशा पाच.' मी मोजत होते. ज्या वहीत देवाचं नाव रोज अकरा वेळा लिहिते, त्याच वहीत.

अंजना गल्लीतून जाताना बायका बोलायच्या थांबायच्या. एकदा पिठाच्या गिरणीत तिचा डबा मागं सारून दुसरीनं आपला पुढं लावला, तर तिनं नुसतं बघितलं. ज्योतिबानं आटपाडीला भावाकडे खोली बघितली, असं कानावर आलं. तिथं गेले असते तर नथीची गोष्ट त्यांच्याआधी पोचली असती. आटपाडी काय लांब नाही.

आता आजचं.

नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणून घरामागं बोअर मारायचं ठरलं होतं. सकाळी नऊला बोअरची गाडी आली. या गाड्या बऱ्याचशा तमिळनाडूच्याच असतात. गाडी मागं लागली, सहा माणसं उतरली, आणि मी गव्हात हात घालून बसले होते. त्यांच्यातला वयस्क ड्रायव्हर माझ्यापाशी आला. हिंदी त्याला थोडी, मला त्याहून थोडी. "अम्मा, हल्दी," म्हणाला. मला वाटलं कुणाला लागलं. मी वाटीभर हळद दिली. त्यानं पाणी घालून हळदीचा गोळा केला, वर निमुळता, बोटाएवढा उंच. विड्याच्या पानावर ठेवला. कुंपणाकडेच्या चार दुर्वा उपटून त्याच्या डोक्यावर खोचल्या. उदबत्ती लावली. आणि मग ती सहाही माणसं, तेलकट बनियनवाली, ओळीनं उभी राहिली. सहाही जणांनी मुठींनी कपाळ ठोकलं. गालांवर चापट्या मारल्या. हातांची कैची करून कान धरले. आणि बसून उठले, बसून उठले, बसून उठले.

माझ्या हातातले गहू चादरीवर पडले.

सहा जणांनी कुणाची नथ नेली होती?

मी उठले. ड्रायव्हरपुढे जाऊन माझे तेलाचे हात उलटे करून माझेच कान धरले आणि विचारलं, "ये क्या? गलती? माफी?"

तो आधी गोंधळला, मग मोठ्यानं हसला. "नहीं अम्मा, गलती नहीं! पिल्लैयार. गणेश. पहले गणेश, बाद में पानी." मग हाताच्या उंचीनं एवढंसं मूल दाखवलं. "छोटा बच्चा भी करता. रोज करता."

मागच्या दारात आमचे उभे होते. म्हणाले, "झालं समाधान? का ह्या सहा जनांस्नी बी खोल्या मोकळ्या करायला लावतीस?"

मी तशीच, हात न धुता, सुलाबाईंच्या मागच्या अंगणात गेले.

अंजना भांडी पोत्यात भरत होती. डबे सुतळीनं बांधलेले, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलेलं. मला बघून ती उभी राहिली, पण ये म्हणाली नाही. मी दोन्ही कान धरले आणि गुडघे वाकतील तेवढी वाकले. वर येताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

अंजना बघत राहिली. मग तिचा चेहरा हलला, आधी ओठ, मग गाल, आणि ती हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"आवं वयनी, मी काय पिल्लैयार हाय व्हय?"

"माफी मागतेय गं मी."

"कान धरून?" ती म्हणाली. "आमच्यात माफी अशी न्हाई मागत."

"मग हे काय असतं?"

ती पोत्यावर बसली. मला पाट सरकवला. "गनपतीनं इष्णूचं चक्र गिळलं हुतं. ल्हान हुता, खेळतोय असं वाटलं त्येला. मागितलं तर दीना. दरडावलं तर रडंल. मग इष्णूनं त्येच्या म्होरं असं कान धरलं नि उठाबशा काढल्या. गनपतीला लय हसू आलं. हसता हसता चक्र तोंडातनं भाईर पडलं. म्हनून करत्यात. त्येला हसवायला." मग म्हणाली, "इकडं आल्यावर मी कमी केलं हुतं. लोक बगत्यात. नथ गेल्यापास्नं रोज करतीया. म्हनलं, हसंल नि नथ भाईर टाकंल."

मी मोजलेल्या पाच उठाबशा मला आठवल्या.

"तू हे तेव्हाच का सांगितलं नाहीस? मंगळवारी?"

"मला कुटं ठावं हुतं, तुमी त्ये बगितलंय त्ये? मला कळलं चार दिसांनी, गिरनीत. तवर सगळ्यांची तोंडं फिरली हुती."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सुलाबाईंकडे चल, मी सगळं सांगते, किल्ली परत घे. ती उठली नाही.

"किल्ली नको. आदी नथ."

"नथ कुठं शोधायची आता?"

ती माझ्याकडे बघायला लागली, आणि त्या बघण्यात हसू नव्हतं. "वयनी, माज्या बापाच्या दुकानातला केर आमी कवाच टाकला न्हाई. त्यात सोन्याचा कन असतोय. चाळायचा, धुवायचा, मग टाकायचा. ती सवय माज्या हाताला हाय. देवळातला केर मी नथ गेल्या दिसापास्नं रोज चाळला. आतला, भाईरचा. न्हाई. म्हंजे नथ देवळात पडलीच न्हाई. देवळातनं भाईर गेली. त्या दिशी देवळातनं भाईर काय काय गेलं?"

"काय गेलं?"

"पेटी. ती मी सगळ्यांम्होरं उघडली." तिनं एक बोट मिटलं. "अन् साडी."

तिनं दुसरं बोट मिटलं.

"मी दागिनं आदी काढती. साडी मागनं. त्या दिशी दिग्विजय हारन वाजवीत हुता. तुमी म्हनला, साडी आदी दे. मी म्हनलं थांबा. तुमी मुखवट्यावरनं पदर वडला."

तिनं सांगितल्यावर मला ते हातात आठवलं. डोक्यात नाही, हातात. पदर मुखवट्यावरून येताना कशाला तरी अडकला होता. मला वाटलं, मागच्या खिळ्याला. मी हिसका दिला होता, तो सुटला, आणि मी साडीची घडी घालून पिशवीत कोंबली होती. ती पिशवी दिग्विजयनं खंडाळ्याला संयोगिताच्या हातात दिली. संयोगितानं फोनवर सांगितलं होतं, "आई, साडी कपाटात वर ठेवलीय, ओटीच्या दिवशीच उलगडेन, प्रसादाची आहे." सातवा महिना अजून लागायचा आहे.

"बोलली का नाहीस गं तू?" मी विचारलं.

"कुनाला? तुमाला?" अंजना म्हणाली. "मला वाटलं तुमाला ठावं हाय. ठावं हाय म्हनूनच तुमी माझं कान साऱ्या गल्लीला दावलं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. अकरा वर्षं आईची पेटी सांभाळलेली बाई मी, माझ्यावर? ओठावर आलं होतं. मग तिच्या मागची बांधलेली पोती दिसली आणि ते ओठावरच राहिलं. तिनं माझ्याविषयी जे धरलं, त्याला निदान काहीतरी आधार होता. मी किल्ली परत घेतली होती.

कनवटीचा मोबाईल काढला, संयोगिताचा नंबर लावायला. अंजनानं पंजा उघडला आणि मनगटातून फिरवला. या वेळी मला कळलं.

"फोन नको," ती म्हणाली. "फोन केला नि मग नथ घावली, तर म्हनतील लेकीनं ठिवली हुती, आता सांगतीया. न्हाई घावली, तर म्हनतील आईनं फोनवर सावद केलं. पोटुशी पोर हाय. तिच्यावर कशाला?"

"मग?"

"मी येती. साडी माज्या डोळ्यांम्होरं उलगडायची. सुलाबाई बी असूंद्यात."

म्हणजे तिचा माझ्यावर विश्वास नाही. मी म्हटलं, बरं.

दोघी सुलाबाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं: बोअरवाल्यांचं, कान धरण्याचं, पदर अडकल्याचं. काही गाळलं नाही, अंजना शेजारी उभी होती, गाळता आलंही नसतं. कान धरण्याचं ऐकून सुलाबाई म्हणाल्या, "देवाला हसवाया? ह्ये बेस हाय." पण साडीचं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"म्हंजी नथ तुज्या लेकीच्या कपाटात?"

"असली तर."

"म्हैनाभर?"

"तिला माहीत नाही, सुलाबाई. तिनं साडी उलगडलेलीच नाही."

"असं ती म्हनती," सुलाबाई म्हणाल्या.

आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. महिनाभर ती माझीच होती, अंजनाकडे बघणारी. मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, नथ मिळेपर्यंत ही तुमच्याकडे, आणि तोवर अंजनाच्या खोल्यांचं बोलू नका. त्यांनी किल्ली उचलली. खोल्यांचं "बगू" म्हणाल्या. मग अंजनाकडे वळून म्हणाल्या, "पोती सोडू नगंस अजून. पन बांधू बी नगंस."

संध्याकाळी दिवा लावायला देवळात गेले. कोनाड्यातल्या गणपतीपुढे थांबले. कान धरावेत असं वाटलं, पण कुठल्या अर्थानं धरायचे ते ठरेना. हात जोडले आणि आले. कोनाड्याखालची फरशी स्वच्छ झाडलेली होती.

बोअरला दोनशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. अंगणातला गहू तसाच आहे, आमचे म्हणतात उद्या ते आणि बिरदेव मिळून चोळतील, बघू.

सुलाबाई येते म्हणाल्या आहेत, गाडी लागते म्हणून आल्याचा तुकडा बरोबर घ्यायचा. अंजना डबा करणार आहे. उद्या सकाळी सातची कराडची एसटी, कराडला पुण्याकडची गाडी धरायची, खंडाळ्याला उतरायचं, आणि संयोगिताच्या कपाटातली आईची साडी तिघींच्या समोर उलगडायची.